चार चौकटींचा एक दरवाजा: आर्ट प्रोजेक्टर स्टँडवर जुळवण्याचं प्रकरण

बेळगावात शिवजयंती परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला साजरी होते आणि तिच्या मागोमाग चित्ररथांची मिरवणूक निघते. त्या एका रात्रीसाठी गल्लोगल्लीची मंडळं कितीतरी आधीपासून राबत असतात. शहापुरातल्या एका मंडळानं चित्ररथाचा मागचा पडदा फ्लेक्सवर न छापता हातानं रंगवून घ्यायचं ठरवलं. कारण व्यवहाराचं होतं. फ्लेक्सवर फोकसचा उजेड पडला की तो चकाकतो आणि समोरच्या माणसाला चित्राच्या जागी दिव्याचा पांढरा डाग दिसतो. मांजरपाटावरचा डिस्टेंपर असा चकाकत नाही.

काम आलं त्याच भागातल्या एका जुन्या पेंटरकडे. सगळे त्यांना पेंटरमामा म्हणतात, मीही तेच म्हणेन. चित्र ठरलं येळ्ळूरच्या राजहंसगडाचा दरवाजा, दोन्ही बाजूंचे बुरूज आणि तटबंदी. मूळ चित्र मामांनी स्वतः रंगवलं, १२ इंच रुंद आणि ८ इंच उंच. पडदा व्हायचा होता १२ फूट बाय ८ फूट, म्हणजे नेमका बारापट. एवढी मोठी चौकट सलग केली तर ती गल्लीच्या कोपऱ्यावर वळत नाही आणि ट्रॉलीवर चढवताना कापड फाटतं. म्हणून ६ बाय ४ फुटांच्या चार चौकटी करायच्या, दोन वर, दोन खाली, आणि मिरवणुकीच्या दिवशी ट्रॉलीवरच जोडायच्या असं ठरलं. चित्राच्या त्याच मापाच्या चार रंगीत झेरॉक्स काढल्या, त्या पट्टीनं मोजून मूळ चित्राशी ताडून घेतल्या आणि प्रत्येकीतून चित्राचा एकेक चतकोर तुकडा असा कापला की शिवणीकडच्या बाजूंना अर्धा इंच जास्तीचं चित्र राहील.

रेखाटन मोठं करायला मामांनी एक वापरलेला आर्ट प्रोजेक्टर घेतला होता. यंत्र जुन्या पद्धतीचं. खालच्या काचेला कागद लावायचा, आतले दोन दिवे त्यावर उजेड टाकतात, कागदावरून परतलेला उजेड आतल्या आरशावर वळून भिंगातून बाहेर पडतो आणि समोरच्या कापडावर चित्र उमटतं. सोबत लोखंडी फ्लोअर स्टँड: चाकांचा पाया, उभा खांब, खांबावर वरखाली होणारी बैठक आणि ती आवळायला मुठीचे स्क्रू.

पहिल्या खेपेला चारही चौकटींवर रेखाटन झालं. चौकटी अंगणात एकमेकींना लावून पाहिल्या तेव्हा दरवाजा मोडलेला दिसला. आडव्या शिवणीवर बुरुजाची कड जवळजवळ तीन इंच बाजूला उडी मारत होती. उभ्या शिवणीवर तर आणखी विचित्र प्रकार होता. चौकटींच्या वरच्या भागात शिवणीजवळचा दगड अर्धा गायब होता आणि खालच्या भागात तोच दगड दोन्ही चौकटींवर आला होता. शिवाय रेघा जाड, थरथरलेल्या. मामांच्या हाताची रेघ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती त्यांची वाटली नसती.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मामांची पुतणी माझी विद्यार्थिनी. तिच्यामुळे मला बोलावणं आलं. मामांचं निदान तयार होतं.

“कर्ण मापलोय की ओ सर मी. दोन्ही सारखे हाईत. मग चौकोन गुण्यात नाही कसा? खरं दगडी जुळंनात. भिंगच गेलंय याचं.”

कर्ण सारखे असूनही चौकोन वाकडा

माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात समजून घेण्यासारखं हेच आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

सुतार चौकट जुळवताना दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे चारी कोपरे काटकोनात. हा नियम खरा आहे, खरं त्याच्या पोटात एक अट दडलेली आहे: समोरासमोरच्या बाजू आधीच सारख्या असल्या पाहिजेत. सुतारानं दोन पट्ट्या एकाच मापाच्या कापलेल्या असतात, त्यामुळे ती अट आपोआप पाळली जाते आणि तिचा उच्चार कुणी करत नाही. प्रोजेक्टरनं टाकलेल्या चौकोनाला ही अट लागू नाही. वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद असा, दोन्हीकडून सारखाच निमुळता होत गेलेला चौकोन घ्या. त्याचेही कर्ण अगदी सारखे भरतात. मामांनी मोजमाप चोख केलं होतं, त्या मापातून हा दोष दिसण्यासारखाच नव्हता.

हा निमुळता चौकोन आला कुठून? मामांनी चौकट भिंतीला टेकवून उभी केली होती, बहुतेक पेंटर करतात तशी. पाय भिंतीपासून आठ इंच पुढे. ४ फूट उंचीच्या चौकटीला आठ इंचांचं टेकण म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपासचा कल. त्यामुळे चौकटीची वरची कड भिंगापासून लांब गेली आणि खालची जवळ आली. लांबच्या पृष्ठभागावर चित्र मोठं पडतं, जवळच्यावर लहान. साडेआठ फूट अंतरावर हिशेब केला तर ७२ इंच रुंदीचं चित्र वर ७५ इंचांच्या आसपास होतं आणि खाली ६९ च्या थोडं वर. म्हणजे जवळपास पावणेसहा इंचांचा फरक.

आता अंगणातल्या खुणा या आकड्यांशी लावून पाहा. वरच्या चौकटीचं तळ आकसलेलं आणि खालच्या चौकटीचं डोकं फुगलेलं, ही दोन टोकं आडव्या शिवणीवर भेटतात. म्हणून बुरुजाची कड दोन्ही टोकांना तीन इंचांच्या आसपास सरकली. चौकटीच्या डोक्याला चित्र ७२ इंचांत मावत नाही, दोन्हीकडे दीड इंच बाहेर सांडतं, म्हणून तिथला दगड खाल्ला गेला. तळाला चित्र कमी पडतं, तिथं तुकड्याच्या जास्तीच्या अर्ध्या इंचातलं चित्र आत आलं, म्हणून दगड दोनदा. आणि तटाचे आडवे थर मात्र डाव्या-उजव्या चौकटींत एका ओळीत जुळले होते. मला सगळ्यात उपयोगी खूण तीच वाटली. कल आडव्या आसाभोवती असेल, म्हणजे चौकट मागे रेललेली किंवा यंत्राचं नाक वर-खाली झालेलं, तर आडव्या रेघा आडव्याच राहतात आणि उभ्या रेघा फाकतात. स्टँड डावी-उजवीकडे फिरलेला असता तर उलटं झालं असतं: उभ्या रेघा उभ्या, आणि आडव्या एका टोकाला फाकलेल्या. चित्रात दगडी बांधकाम असल्याचा हा फायदा. झाडं-ढग असते तर दोष तेवढाच राहिला असता, फक्त कुणाला सापडला नसता.

भिंग निर्दोष होतं.

माडी आणि माग

रेघा थरथरण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते पुतणीनं आधीच पाहिलं होतं. “सर, रेघ जागेवर राहीना. चालायलीया,” ती म्हणाली. मामांनी यंत्र मांडलं होतं माडीवर, कारण तिथं जागा सलग होती. माडीची जमीन लाकडी तक्त्यांची, आणि शेजारच्या घरात यंत्रमाग. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराच्या वर ठोके देतो आणि प्रत्येक ठोका सामायिक भिंतीतून तुळईत आणि तुळईतून तक्त्यात उतरतो. माणसाला तो पायाखाली जाणवतही नाही, सवयीनं तर मुळीच नाही.

स्टँडला जाणवतो. भिंग खांबाच्या वरच्या टोकाला, चारेक फुटांवर. पाया किंचित डोलला आणि खांबाचं डोकं एक मिलिमीटर पुढे-मागे झुललं, तर यंत्राचं नाकही तेवढंच वर-खाली होतं आणि साडेआठ फुटांवर रेघ दोन मिलिमीटरच्या वर सरकते. मामांनी रेघ ओढली ती या झुलत्या रेघेच्या मागे जात, म्हणून ती जाड आणि कापरी.

हलतंय काय, जमीन की नुसता स्टँड, हे आधी ठरवायला हवं, नाहीतर माणूस स्क्रूच आवळत बसतो. त्यासाठी आम्ही परातीत पाणी घालून ती स्टँडच्या पायाशी ठेवली आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडला. माग चालू असताना पाण्यावर बारीक वळ्या उठत होत्या, कामगार जेवायला बसले आणि माग थांबले की पाणी काचेसारखं सपाट. म्हणजे जमीनच हलत होती. स्क्रू कितीही आवळले असते तरी काही झालं नसतं.

परात खाली सोप्यात नेली. तिथं फरशी थेट मातीवर बसवलेली. माग चालू होते, तरी पाणी जवळजवळ स्थिर. जागा ठरली.

खाली मांडणी: आधी चौकट, मग स्टँड

सोप्याची खोली साडेनऊ फुटांच्या आसपास. भिंगापासून चौकट किती लांब हवी ते भिंग ठरवतं. या यंत्राच्या नळीवर नाभीय अंतर २०० मिलिमीटर लिहिलेलं होतं. चित्र जितके पट मोठं करायचं त्यात एक मिळवायचा आणि नाभीय अंतरानं गुणायचं: तेरा गुणिले २०० म्हणजे २६०० मिलिमीटर, साडेआठ फूट. त्यात यंत्राची लांबी, मागे उभ्या माणसाची जागा, चौकटीमागचा आधार हे मिळवलं की खोली अपुरी.

उपाय सापडला दारात. स्टँड माजघरात, उंबऱ्याच्या पलीकडे ठेवायचा आणि उजेड दारातून सोप्यात सोडायचा. जुन्या घराचं दार अरुंद असतं ही भीती होती, खरं उजेडाचा झोत भिंगापाशी बारीक असतो आणि पुढे रुंदावतो. भिंग दाराच्या चौकटीमागे दोन फुटांवर ठेवलं तर तिथं झोत दीड फुटाच्या आतच असतो. दार अडवत नाही. भिंग पाच-सहा फूट मागे गेलं असतं तर दाराच्या बाह्या चित्रात आल्या असत्या.

आता क्रमाचा मुद्दा. सर्वसाधारणपणे माणूस यंत्र लावतो आणि मग चित्र नीट पडेपर्यंत त्याला वाकवत, फिरवत राहतो. माझा आग्रह उलटा होता. आधी चौकट पक्की करायची, ओळंब्यात. ती एकदा खरी झाली की बाकी सगळं तिच्याशी जुळवायचं. आणि चार चौकटींच्या कामात तर हे जास्तच लागू, कारण यंत्र एकदा जुळलं की चौथी चौकट होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चौकटी बदलतील, यंत्र नाही.

म्हणून मामांनी भिंतीपासून थोडं पुढे दोन उभे वासे ठोकले, ओळंबा लावून. त्यांच्यावर खाली एक आडवी पट्टी, जिच्यावर चौकट बसेल, आणि डाव्या बाजूला एक खुंटी, जिला ती टेकेल. पट्टी पाणसळीनं तपासली. चारही चौकटी एकाच सुताराच्या, एकाच जाडीच्या होत्या, तेव्हा कुठलीही ठेवली तरी कापड त्याच जागी, त्याच पातळीत येणार. हे चौकटीचं घर नीट बांधायला जेवढा वेळ गेला तेवढा बाकी कशालाच गेला नाही, आणि माझ्या मते तो तिथंच जायला हवा.

मग स्टँड. माजघराची फरशी मोरीकडे उतरती आहे, पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम तशी बसवलेली. दोन फुटांच्या पायाला पाव इंच उतार. ऐकायला क्षुल्लक, पण खांब तेवढा डावीकडे कलला की चित्रही तेवढंच फिरतं आणि ६ फूट रुंदीत एका टोकाला पाऊण इंच खाली जातं. मामा म्हणाले, कागदच जरा फिरवून लावूया. कागद फिरवून चित्र सरळ दिसलं असतं हे खरं, खरं मग प्रत्येक तुकडा तेवढाच फिरवत बसावं लागलं असतं. खांबच सरळ करायचा. चाकं काढून टाकली, उतरत्या बाजूच्या पायाखाली पाचरी घातल्या आणि खांबाला समोरून व बाजूनं असा दोनदा ओळंबा लावला. पायावर वाळूच्या दोन पिशव्या, तळाशी जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे. बैठक शक्य तितकी खाली घेतली. चौकटीचा मध्य फरशीपासून तीन फुटांवर येईल असं आधीच पाहिलं होतं, त्यामुळे भिंगही तीन फुटांवर. खांब जितका कमी उंच वापराल तितका तो कमी डोलतो.

आरसा, सुतळी आणि फुली

भिंग चौकटीच्या बरोबर समोर आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी आधी सुतळी. भिंगाच्या मधोमध एक टोक धरायचं आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांपर्यंत ताणायचं. भिंग खरोखर मध्यासमोर असेल तर चारही अंतरं सारखी भरतात, इथं सव्वानऊ फुटांच्या आसपास. वरचे दोन कोपरे खालच्यांहून लांब भरले तर भिंग खाली आहे किंवा चौकट मागे रेलली आहे.

सुतळी ताणते, सैल पडते, म्हणून ती ढोबळ काम करते. बारीक कामाला आरसा. हातात मावेल एवढा सपाट आरसा चौकटीच्या मध्यावर, मागे कडक पुठ्ठा घालून, चौकटीला चपटा धरायचा आणि दिवे लावायचे. भिंगातून आलेला उजेड आरशावरून परत येतो. तो परत भिंगावरच पडला तर चौकट भिंगासमोर काटकोनात. चौकट एक अंशानं जरी कललेली असेल तर आरशातला उजेड दुप्पट, म्हणजे दोन अंशांनी वळतो आणि साडेआठ फुटांवर तो साडेतीन इंच बाजूला पडतो. एक अंश डोळ्यांना दिसत नाही, साडेतीन इंच लांबून दिसतात. मामांना हा प्रकार मनापासून आवडला. त्यांनी आरसा स्वतः धरला आणि वाशामागे एक पातळ पाचर घालून परतलेला डाग भिंगावर आणला.

इथं एक खाच आहे. आरसा सांगतो की भिंगाची *जागा* बरोबर आहे. यंत्राचं *तोंड* बरोबर दिशेला आहे की नाही, हे तो सांगत नाही, कारण नाक थोडं वर असलं तरी भिंगातून मध्याकडे गेलेला किरण तसाच परत येतो. म्हणून तिसरी परीक्षा फुलीची. एका कागदावर ६ बाय ४ इंचांचा चौकोन काढला, त्याच्या मध्यावर फुली, आणि तो कागद काचेच्या बरोबर मध्यावर लावला. चौकटीच्या मध्यावर पेन्सिलीनं तशीच फुली. दोन्ही फुल्या एकमेकींवर आल्या की यंत्राचं तोंडही सरळ. आमची फुली चौकटीवर दोन बोटं वर पडत होती. बैठकीच्या मागच्या बाजूखाली पत्र्याचा तुकडा सारला, नाक खाली आलं, फुली बसली.

मग शेवटचं माप, आणि या वेळी सहा मापं: वरची बाजू, खालची, डावी, उजवी, आणि त्यानंतर दोन कर्ण. वरची-खालची ७२ इंच, डावी-उजवी ४८, कर्ण सारखे. टेपवर जेवढं वाचता येतं तेवढ्यापुरतं सगळं जुळलं. रुंदीत थोडं कमी-जास्त आलं असतं तर काचेवरच्या कागदाशी खेळायचं नाही, स्टँड सरळ रेषेत पुढे-मागे घ्यायचा आणि पुन्हा फोकस करायचा. इंचभर सरकवलं की रुंदीत पाऊण इंच फरक पडतो. म्हणूनच पायाभोवती फरशीवर रंगानं रेघा मारून ठेवल्या. चार चौकटींच्या मध्ये कुणाचा धक्का लागून स्टँड अर्धा इंच जरी मागे गेला असता, तरी चौथी चौकट पहिलीशी जुळली नसती.

फोकस

चौकोन जुळला तरी पहिला तुकडा लावल्यावर मध्य स्वच्छ आणि कडा धुरकट दिसू लागल्या. दिवे लागल्यावर थोड्या वेळानं हे उलटायचं: कडा स्वच्छ, मध्य धुरकट. ही अदलाबदल पाहिल्यावर कारण स्पष्ट झालं. कागद तापून फुगत होता.

बारापट मोठं करताना भिंगासमोरच्या अंतरात एका मिलिमीटरचा फरक पडला, तर पलीकडे स्वच्छ प्रतिमेची जागा बाराच्या वर्गाएवढी, म्हणजे १४४ मिलिमीटर सरकते. पावणेसहा इंच. झेरॉक्सचा पातळ कागद दिव्यांच्या उष्णतेनं एवढा सहज उचलला जातो, आणि उन्हाळ्यातल्या बंद खोलीत तर विचारायला नको. प्रत्येक तुकडा जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि मागून सपाट लाकडी ठोकळ्यानं काचेवर दाबला. फोकस करण्याआधी दिवे थोडा वेळ चालू ठेवले, म्हणजे यंत्र तापायचं ते तापून जाईल. फोकस मध्यावर न करता मध्य आणि कोपरा यांच्या अधल्या-मधल्या जागी केला, कारण साध्या भिंगाची स्वच्छ प्रतिमा पूर्ण सपाट नसते, किंचित वाटीसारखी असते. मग नळीवर चिकटपट्टीची खूण. पुढच्या तुकड्याला फोकस त्या खुणेवरच यायला हवा. नाही आला तर कागद सपाट नाही असं समजायचं आणि नळीला हात लावायचा नाही.

छताचा पंखाही बंद करावा लागला. वाऱ्यानं ताणलेलं मांजरपाटसुद्धा मध्यात श्वास घेतं. उकाडा सोसावा लागला.

वापरलेलं यंत्र घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, जरी या यंत्रात ती अडचण नव्हती. आतला आरसा समोरून मुलामा दिलेला असतो. कुणी दुरुस्तीत तिथं घरगुती आरसा बसवला असेल, तर प्रत्येक रेघेच्या शेजारी एक फिकी जुळी रेघ दिसते, नेहमी एकाच बाजूला. बारापट केल्यावर ती चक्क इंचभर लांब पडू शकते. फोकस कितीही फिरवला तरी ती जात नाही. आणि समोरचा मुलामा फार नाजूक असतो, धूळ फुंकणीनं उडवायची, फडक्यानं पुसायची नाही.

उजेड, आणि रेघ ओढणं

सहापट चित्रापेक्षा बारापट चित्र चौपट क्षेत्रावर पसरतं, म्हणजे उजेड साधारण चौथा हिस्सा उरतो. माग चालू असताना दिवे आणखी मंदावायचे. खिडक्यांना काळी ताडपत्री, दाराला घोंगडं, आणि काम दिवे लागणीनंतर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं द्यायची, तोवर जे दिसत नाही ते नंतर दिसू लागतं.

ओढलेली रेघ उजेडाच्या रेघेखाली लपते, त्यामुळे काय राहिलं ते कळत नाही. मामा सारखे दिवे बंद करून पाहू लागले. ते थांबवलं. दिवे बंद-चालू केले की कागद थंड-गरम होतो आणि फोकस पुन्हा हलतो. पुतणी भिंगासमोर पुठ्ठा धरायची आणि काढायची, मामा मागे सरून रेघ पाहायचे. ज्या चौकटीवर काम चालू असेल तिच्या चार कोपऱ्यांत आणि कागदावर त्याच जागी छोट्या फुल्या होत्या. काही हललं तर फुल्या लगेच सांगायच्या.

मामांनी फक्त बांधकामाच्या कडा, कमान, दगडांचे थर आणि बुरुजाची रेघ यंत्रावरून घेतली. झाडी, आभाळ, दगडावरचं शेवाळ, पायरीवरची सावली घेतली नाही. मला हे फार योग्य वाटलं. ज्या गावात के. बी. कुलकर्णींसारखे व्यक्तिचित्रकार होऊन गेले तिथं यंत्रानं रेखाटन करणं काहींना खटकतं, आणि त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. पण जुने पेंटरही चौकोन मारून चित्र मोठं करायचे, कागदाला भोकं पाडून कोळशाच्या पुरचुंडीनं खाका उतरवायचे. मोठ्या पडद्यावर प्रमाण सांभाळण्याचं हे काम कुणीतरी करायचंच असतं. ते यंत्रानं केलं म्हणून दगडाला दगडपण आणणारा हात वाचत नाही. तो मामांचाच लागतो.

दोन खालच्या चौकटी आधी झाल्या, मग वरच्या. पुन्हा अंगणात लावल्या. आडव्या शिवणीवर बुरुजाची कड कडेशी भेटली. उभ्या शिवणीवर वरती कुठं पाव इंचाच्या आतला फरक होता, तो झेरॉक्स कापतानाचा असावा, कारण एकाच तुकड्याच्या एकाच कडेला होता. मामांनी तो ब्रशनं दगडाच्या सांध्यात मिसळून टाकला. चार फुटांवरूनसुद्धा शोधून सापडत नाही.

मंडळाची पुढच्या वर्षीची मागणी आत्ताच आली आहे: पडदा १८ फूट हवा. मामांनी विचारलं, स्टँड आणखी मागे नेऊन अठरापट करता येईल का. अंतर १२ फुटांच्या वर जाईल, झोत दाराच्या बाह्यांना घासेल, उजेड आत्ताच्या निम्म्याहून कमी होईल आणि कागदाच्या एका मिलिमीटरनं फोकस फूटभर सरकेल. या घरात बारापटच ठेवायची. मूळ चित्र १८ इंचांचं काढायचं आणि चौकटी वाढवायच्या. वासे, पट्टी आणि फरशीवरच्या रेघा त्यासाठी तशाच ठेवल्या आहेत.